सातपुड्यावरील क्षुब्ध हवा आणि लहान विमान

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके सर्वांना ठाऊक आहेत ते त्यांच्या संत्र्यांमुळे. नागपूर-इटारसी लोहमार्ग पांढुर्ण्यावरून जातो आणि नागपूर-छिंदवाडा सडक सौंसरवरून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जमिनीवरच्या सीमा अशा आखल्या जातात, पुसल्या जातात व पुन्हा आखल्या जातात. येथील रहिवाशांना त्यांची सवय आहे. परंतु विमानविद्येत आणखी एका प्रकारची सीमा असते. ती डोळ्यांना दिसत नाही, जमिनीवर तिचा दगड नाही. ती असते आकाशात.

नकाशावर दिल्ली आणि नागपूर ही दोन शहरे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा सौंसरच्या जवळून जाते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या ठिकाणी परत जात. ती योजना आता इतिहासजमा झाली. तथापि नागपूरचे भौगोलिक स्थान बदललेले नाही. देशाच्या मध्यावर असल्यामुळे आजही चारही दिशांचे हवाई मार्ग तेथे एकमेकांस छेदतात. सौंसरपासून नागपूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर आहे, आणि पांढुर्ण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर. प्रवासी विमानाच्या दृष्टीने हे अंतर अगदी थोड्या मिनिटांचे.

एवढ्या विमानांची एकमेकांशी गाठ पडू नये म्हणून विमानतळाभोवतीचे आणि मोठ्या हवाई मार्गांचे आकाश नियंत्रणाखाली ठेवलेले असते. त्यात शिरण्यापूर्वी वैमानिकाने नियंत्रकाची अनुज्ञा घ्यावी, त्याच्याशी बिनतारी संभाषण चालू ठेवावे आणि ठरवून दिलेली उंची पाळावी, असा दंडक आहे. या नियंत्रित आकाशाचा आकार सामान्यतः उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखा असतो. विमानतळाजवळ ते जमिनीपर्यंत खाली येते आणि जसजसे दूर जावे तसतसा त्याचा तळ पायरीपायरीने उंच होत जातो. त्या तळाखालून लहान विमान आपल्या डोळ्यांच्या भरवशावर, म्हणजे जमिनीच्या खुणा पाहत, मोकळेपणाने जाऊ शकते. मोठ्या विमानतळांच्या आसपास उडणारी लहान विमाने पुष्कळदा अशीच, त्या अदृश्य छपराखालून जात असतात. हवा शांत असेल तर यात अवघड असे काही नाही. अडचण उद्भवते ती हवा क्षुब्ध झाली म्हणजे.

आणि सातपुड्याच्या पायथ्याशी हवा क्षुब्ध होण्यास पुरेशी कारणे आहेत. पहिले कारण ऊन. वैशाखात विदर्भाचे आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्याचे तपमान ४५ अंशांपर्यंत चढते. नांगरून ठेवलेली काळी जमीन, उघडा काळा खडक, कन्हान नदीची वाळू आणि संत्र्यांच्या बागांची दाट सावली, हे सारे सारख्या प्रमाणात तापत नाही. जेथे जमीन अधिक तापते तेथील हवा वर उसळते. शेजारच्या थंड जागेवरील हवा तिची जागा घेण्यास खाली उतरते. शेतातून धुळीचा भोवरा गरगरत जाताना दिसतो, तो याच उलाढालीचा दृश्य भाग होय. दुसरे कारण डोंगर. सौंसरकडून सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर जाताना जमीन सुमारे हजार फुटांनी उंचावते. जोराचा वारा अशा डोंगररांगेवर आदळला की पलीकडच्या बाजूस तो खाली कोसळतो आणि लोळतो. नदीच्या पात्रातील मोठ्या दगडामागे पाणी जसे भोवरे घेते, तसाच हा प्रकार. तिसरे कारण वळीव. गारपिटीने आंबिया बहाराची फळे झोडपून काढणारे मेघ बागाइतदारांना चांगले परिचित आहेत. ज्याला इकडे वावधान म्हणतात तो वारा त्या मेघाच्या पुढे कित्येक किलोमीटर धावत येतो. मेघ अजून दूर आहे असे मानून निश्चिंत राहणाऱ्या वैमानिकाला तो अचानक गाठतो.

प्रवाशांच्या तोंडी अशा वेळी 'हवेची पोकळी' हा शब्द येतो. विमान पोकळीत पडले, असे ते म्हणतात. वस्तुतः हवेत पोकळी नसते. विमान वर जाणाऱ्या प्रवाहातून खाली जाणाऱ्या प्रवाहात शिरते, एवढेच घडते. सत्तर टनांहून अधिक वजनाचे प्रवासी विमान अशा ठिकाणी हादरते. परंतु चार आसनांचे सेसना १७२ हे विमान पुरे भरले तरी सुमारे साडेअकराशे किलो वजनाचे. त्याला प्रवाह सरळ उचलूनच नेतो. त्यात उष्णतेने आणखी एक भर घातलेली असते. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंच आहे. परंतु पारा ४५ अंशांवर गेला की तेथील हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखांना आणि यंत्राला आपण सुमारे पाच हजार फूट उंचीवर आहोत असेच भासते. वर चढण्याची शक्ती कमी होते, आणि समोर तर सातपुडा चढत जातो.

आता एका कल्पित परंतु अगदी संभवनीय उड्डाणाचा विचार करावा. मे महिन्यातील दुपार आहे. एक तरुण विद्यार्थी वैमानिक एकटाच लहान विमान घेऊन डोंगराकडून नागपूरच्या दिशेने परतत आहे. सौंसर मागे पडले. नियंत्रित आकाशाचा तळ त्याच्या माथ्यावर थोड्याच अंतरावर आहे आणि त्यात शिरण्याची अनुज्ञा त्याने अद्याप मागितलेली नाही. इतक्यात तापल्या शेतांवरून उसळलेला प्रवाह त्याला गाठतो. उंची दाखविणाऱ्या यंत्राचा काटा भराभर फिरू लागतो. मिनिटाभरात विमान पाचसहाशे फूट वर फेकले जाते आणि ती अदृश्य सीमा ओलांडली जाते किंवा ओलांडण्याच्या बेतात येते. त्याच्या मनात दोन भये एकदम उभी राहतात. एक विमानाचे आणि दुसरे नियमाचे. प्रश्न असा की, त्याने प्रथम कोणाचे ऐकावे?

नियमाचे भय त्याला सांगते, 'नाक खाली दाब, कसेही करून उंची परत आण.' हाच सल्ला घातक होय. नाक खाली दाबले की वेग वाढतो, आणि क्षुब्ध हवेत वाढलेला वेग हा विमानाचा वैरी आहे. प्रत्येक विमानाला हिसक्यांच्या हवेसाठी वेगाची एक मर्यादा नेमून दिलेली असते. त्या वेगाने किंवा त्याहून कमी वेगाने जाताना जोराचा हिसका बसला, तर पंखांवर मोडण्याइतका भार येण्यापूर्वीच पंखांची उचलण्याची शक्ती क्षणभर सुटते आणि सांगाडा वाचतो. त्याहून अधिक वेगात मात्र पंख हवा सोडीत नाहीत आणि सारा भार सांगाड्यावर येतो. सेसना १७२ च्या एका प्रचलित प्रकारात विमान पूर्ण भरलेले असता ही मर्यादा १०५ नॉट आहे. हलके असता ती ९० नॉटपर्यंत उतरते. विमान जितके हलके तितके त्याने हळू जावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु हलक्या विमानाला तोच हिसका अधिक जोराने उचलतो, हे ध्यानी घेतले की त्यातील तर्क उघड होतो. एकटा उडणारा विद्यार्थी नेमका याच ठिकाणी फसण्याचा संभव असतो.

घाबरून केलेला उपाय मूळ हिसक्याहून भयंकर ठरतो, याचा दाखला मोठ्या विमानांच्या इतिहासातही आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस विमान पुढे गेलेल्या मोठ्या विमानाच्या मागील भोवऱ्यांत सापडले. ते भोवरे त्या विमानाला पाडण्याइतके प्रबळ नव्हते. परंतु सहवैमानिकाने शेपटीचे सुकाणू एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस, असे जोराने वारंवार दाबले आणि उभी शेपटीच उखडली. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ माणसे मृत्युमुखी पडली. सुकाणूच्या रचनेकडे आणि वैमानिकांना मिळालेल्या शिक्षणाकडेही चौकशीत बोट दाखविण्यात आले. हिसक्याला हिसक्याने उत्तर देऊ नये, हा धडा मात्र लहानमोठ्या सर्व विमानांना सारखाच लागू आहे.

म्हणून अनुभवी शिक्षक एक क्रम शिकवितात: आधी विमान सांभाळावे, मग आपण कोठे आहोत व कोठे जात आहोत हे पाहावे, आणि त्यानंतर बोलावे. क्षुब्ध हवेत विमान सांभाळणे याचा अर्थ पंख समतल ठेवणे, नाकाची ठेवण स्थिर राखणे, यंत्राची शक्ती कमी करून वेग मर्यादेत आणणे आणि पट्टे आवळून घेणे. उंची थोडी वर गेली, थोडी खाली आली, तर त्या काट्याचा पाठलाग करू नये. प्रवाह उचलील तेव्हा उचलू द्यावे; पुढे तोच खाली सोडतो. जमीन किंवा डोंगर जवळ असेल तर मात्र अधिक सखल मुलुखाकडे वळावे. उंचीचा आकडा सुटला तरी चालेल, विमान हातचे सुटता कामा नये.

परंतु या क्रमातील तिसरी गोष्ट, म्हणजे बोलणे, शेवटी असली तरी ती वगळण्याची नव्हे. आणि तरुण वैमानिक चुकतो तो बहुधा येथेच. विमान ताब्यात आल्यावरही तो गप्प राहतो. आपण सीमा ओलांडली हे कोणाच्या लक्षात न आले तर बरे, अशी त्याची भाबडी आशा असते. ती आशा व्यर्थ आहे. विमानातील ट्रान्सपाँडर हे यंत्र त्याची उंची रडारच्या पडद्यावर आपण होऊन कळवीत असते. नियंत्रकाला आकडा वाढलेला दिसतो. दिसत नाही ते त्याचे कारण. हा वैमानिक वाट चुकला आहे, यंत्र बिघडले आहे, की तो हवेशी झुंजत आहे, याचा उलगडा केवळ त्याच्या शब्दांनीच होऊ शकतो. याच वेळी एखादे प्रवासी विमान शंभरसव्वाशे माणसे घेऊन त्या थरातून उतरत असेल, तर त्या मौनाची किंमत एकट्या विद्यार्थ्यापुरती राहत नाही.

सांगावयाचे ते थोडक्यात सांगता येते. विमानाचे नाव, ठिकाण, सध्याची उंची, तीव्र क्षोभामुळे उंची राखता येत नाही, नियंत्रित आकाशात शिरलो आहे किंवा शिरण्याचा संभव आहे, साह्य हवे. एवढे ऐकले की नियंत्रकाच्या हाती पुष्कळ उपाय येतात. एकाच आकड्याऐवजी अमुक उंचीपासून तमुक उंचीपर्यंतचा पट्टा तो मोकळा करून देऊ शकतो. दुसऱ्या विमानाला तो वळवू शकतो किंवा वर रोखून धरू शकतो. कोणत्या बाजूस हवा शांत आहे, हे इतर वैमानिकांकडून आलेल्या माहितीवरून तो सांगू शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सर्वसाधारण आकाशात ठरल्या उंचीपासून ३०० फुटांच्या आत असलेले विमान ती उंची राखून आहे असे नियंत्रक धरून चालतो, आणि त्या थरांत दोन विमानांमध्ये साधारणतः १,००० फुटांचे उभे अंतर ठेवले जाते. या आकड्यांतच सारे काही आले. दोनशे फुटांचा हेलकावा व्यवस्थेने गृहीत धरलेला आहे. सातशे फुटांचा नाही. तो कोणी तरी सांगावा लागतो.

कायदाही याच बाजूचा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांत विमानाचा अंतिम अधिकार वैमानिकाकडे दिलेला आहे. सुरक्षिततेसाठी निकडीने आवश्यक असेल तेव्हा त्याने नियमापासून ढळावे आणि शक्य तितक्या लवकर तसे नियंत्रकास कळवावे, अशी ती तरतूद. अर्थात आळसाने किंवा बेपर्वाईने घडलेल्या उल्लंघनाला हे कवच नाही. परंतु हवेने लोटलेल्या वैमानिकाने वेळेवर उच्चारलेले एक वाक्य त्याला गुन्हेगाराच्या जागेवरून साह्य मागणाऱ्याच्या जागेवर आणून बसविते.

हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. मराठी वाचकांना २४ जानेवारी १९६६ ची दुर्घटना विसरता येणार नाही. त्या दिवशी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण गेले. चौकशीत असे दिसून आले की वैमानिकाचा आपल्या स्थानाविषयीचा अंदाज चुकला होता, आणि तो सुधारण्यासाठी नियंत्रकाने सांगितलेल्या शब्दांचा अर्थ त्याने वेगळाच घेतला. दुसरा दाखला २५ जानेवारी १९९० चा. कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेल्या आव्हियांका कंपनीच्या विमानातील इंधन संपत आले होते. वैमानिकांनी इंधन कमी असल्याचे सांगितले. परंतु 'आणीबाणी' हा निःसंदिग्ध शब्द त्यांनी उच्चारला नाही. नियंत्रकांना निकड उमगली नाही आणि इंधन संपून विमान कोसळले. ७३ माणसे मेली. ही दोन्ही विमाने मोठी होती आणि त्यांचे वैमानिक अनुभवी होते. मग पन्नास-साठ तासांच्या अनुभवाचा विद्यार्थी अडखळला तर नवल नाही. यासाठीच निकडीच्या प्रसंगी 'पॅन-पॅन' आणि प्राणसंकटात 'मेडे' हे शब्द तीनदा उच्चारावेत, असा जगभर संकेत आहे. ट्रान्सपाँडरवर ७७०० हा अंक लावणे हाही त्याच संकेताचा भाग. या शब्दांत लाज वाटण्याजोगे काही नाही. संकोचाने वाक्य गुळमुळीत होते, आणि गुळमुळीत वाक्य आकाशात निरुपयोगी असते.

विमानतळ अगदी जवळ आल्यावर क्षोभाचा आणखी एक प्रकार भेटतो. तो निसर्गनिर्मित नसून मोठ्या विमानांनी मागे सोडलेला असतो. त्यांच्या पंखांच्या टोकांपासून निघालेले भोवरे मागे राहतात आणि हळूहळू खाली बसत जातात. लहान विमानाला ते उलथवू शकतात. एअरबस ३२० सारख्या मध्यम वजनाच्या विमानामागे लहान विमान असेल, तर रडारवरील नियंत्रक सामान्यतः ५ सागरी मैलांचे अंतर ठेवतो. परंतु जो वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरत असतो, त्याच्यावर हे अंतर राखण्याची जबाबदारी स्वतःचीच असते. पुढील विमानाच्या मार्गाच्या वरून यावे आणि ते जेथे टेकले त्याच्या पुढे टेकावे, हा जुना आणि खात्रीचा नियम.

अर्थात सर्वांत मोठे शहाणपण जमिनीवर असतानाच दाखविता येते. उन्हाळ्यातील उड्डाण सकाळी लवकर करावे. दुपारच्या हवेशी पैज लावू नये. नियंत्रित आकाशाच्या तळाला डोके लावून उडू नये. हेलकाव्यासाठी खाली मोकळी जागा सोडावी. सीमेजवळ पोहोचण्यापूर्वीच नियंत्रकाशी संभाषण सुरू करावे, म्हणजे पुढे प्रसंग पडला तर बोलावयाचे ते अनोळखी माणसाशी राहत नाही. प्रबळ वादळी मेघापासून २० सागरी मैल दूर राहावे. आणि परत फिरणे हा पराभव नव्हे, हे मनाशी पक्के करून मगच विमानात बसावे.

या बाबतीत शिक्षकांवर आणि अधिकाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. चुकीची कबुली देणाऱ्यावर आधी ओरडणारा शिक्षक आपल्या शिष्याला नकळत मौन शिकवीत असतो. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना व नियंत्रकांना आपल्या चुका गुप्तपणे कळविता येतील अशी व्यवस्था नासा या संस्थेमार्फत चालविली जाते. जे सांगण्यास माणसे एरवी धजली नसती ते त्यामुळे पुढे आले आणि इतरांना त्यापासून शिकता आले.

गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिकांच्या शिक्षणाची सोय झाल्यापासून हा व्यवसाय या भागातील तरुणांच्या दृष्टिपथात आला आहे. पांढुर्ण्याचा किंवा सौंसरचा एखादा बागाइतदार उद्या आपल्या मुलीला किंवा मुलाला तेथे पाठवील. गारपिटीचे ढग कोणत्या दिशेने येतात, वावधान किती वेळात गाव गाठते, तापलेल्या वावरातून भोवरा कसा उठतो, हे त्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असेल, आणि ते ज्ञान आकाशातही उपयोगी पडेल. पण त्याबरोबर 'मला जमत नाही, मदत हवी' असे वेळेवर आणि स्पष्ट सांगण्याची सवयही घरातून आणि शाळेतून त्यांच्या अंगी बाणली पाहिजे. हवेला आवरणे कोणाच्या हाती नाही. आपली स्थिती खरी सांगणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे, आणि सीमेजवळच्या आकाशात बहुतेक जीव त्यावरच तगतात.